जलपरिसंस्थेतील चिलटांच्या अळ्या आणि पाण्याच्या गुणवत्तेचे जैविक मूल्यमापन : वणी परिसराच्या संदर्भात

सारांश

कायरोनोमिडी या कुलातील न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या नदी, तलाव, भातखाचरे, खाड्या, समुद्रकिनारे अशा बहुतेक सर्व जलीय अधिवासांत आढळतात. यांतील काही प्रजातींच्या लाल रंगाच्या अळ्या सांडपाण्याच्या गाळात विपुल असतात. त्यामुळे 'लाल अळी म्हणजे दूषित पाणी' असे सरळ समीकरण अनेकदा मांडले जाते. हे समीकरण अपुरे असून काही वेळा दिशाभूल करणारे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पाण्याच्या स्थितीची साक्ष एखादी अळी देत नाही, तर तेथील अळ्यांचा संपूर्ण समुदाय व त्यातील घटकांचे परस्पर प्रमाण देते. या अळ्यांची जीवनपद्धती, त्यांचे परिसंस्थेतील कार्य व निर्देशक म्हणून त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन करून वणी परिसरातील महाविद्यालयांना करता येण्याजोग्या अभ्यासाची रूपरेषा लेखात दिली आहे.

बीजसंज्ञा : कायरोनोमिडी, जैविक निर्देशक, तलस्थ जीव, विद्राव्य प्राणवायू, निर्गुडा नदी.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील वणी तालुका वर्धा व पैनगंगा या दोन नद्यांच्या कवेत वसलेला आहे. वणी शहराजवळून वाहणारी निर्गुडा नदी वर्धेला मिळते. पुढे वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता नदी तयार होते. ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजेच निर्गुडेच्या पाण्यात जे मिसळते त्याचा संबंध अंतिमतः एका त्रिभुज प्रदेशाशी व समुद्रकिनाऱ्याशी आहे.

वणी परिसराची ओळख कापसाची काळी जमीन आणि कोळसा अशी दुहेरी आहे. वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या खुल्या खाणी, चुनखडीवर आधारित उद्योग, वाढते शहर आणि कापूस-सोयाबीनची शेती यांमुळे येथील जलस्रोतांवर चार प्रकारचे ताण संभवतात : शहरी सांडपाणी, खाणीतून येणारा सूक्ष्म गाळ, खाणीच्या पाण्यातील विरघळलेली क्षार व धातुद्रव्ये, आणि शेतातून वाहून येणारी कीटकनाशके. पाण्याच्या रासायनिक परीक्षणातून नमुना घेतल्या क्षणाची स्थिती कळते. परंतु रात्री सोडलेले सांडपाणी किंवा पहिल्या पावसाबरोबर वाहून आलेले कीटकनाशक दुसऱ्या दिवशीच्या नमुन्यात सापडेलच असे नाही. तळाच्या गाळात अनेक दिवस मुक्काम करणारे जीव मात्र या सर्व घटना सोसतात किंवा त्यांना बळी पडतात. अशा जीवांमध्ये चिलटांच्या अळ्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

उद्दिष्टे

१) चिलटांच्या अळ्यांचे जीवनचक्र व अनुकूलने स्पष्ट करणे.
२) गोड्या व खाऱ्या पाण्याच्या परिसंस्थांतील त्यांचे कार्य विशद करणे.
३) जलगुणवत्तेचे निर्देशक म्हणून त्यांचे महत्त्व व मर्यादा तपासणे.
४) वणी परिसरातील महाविद्यालयीन पातळीवरील अभ्यासाची दिशा सुचविणे.

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो उपलब्ध शास्त्रीय ज्ञानावर आधारलेला आहे.

चिलट आणि डास : ओळखीतील गफलत

मराठीत 'चिलट' हा शब्द अनेक प्रकारच्या बारीक उडत्या कीटकांसाठी सैलपणे वापरला जातो. या लेखात तो द्विपंखी गणातील कायरोनोमिडी कुलासाठी योजला आहे. जगभरात या कुलातील सात हजारांहून अधिक प्रजातींचे वर्णन झालेले आहे. प्रौढ चिलट डासासारखे दिसते. मात्र त्याला रक्त शोषणारी सोंड नसते, पंखांवर डासाप्रमाणे खवले नसतात आणि बसताना ते सामान्यतः पुढचे पाय उचलून धरते. नराच्या स्पर्शिका पिसांसारख्या झुपकेदार असतात. संध्याकाळी पाणवठ्याजवळ किंवा दिव्याभोवती दिसणारे थवे पुष्कळदा या नरांचे असतात.

अळ्यांमधील फरक अधिक स्पष्ट आहे. डासाची अळी पृष्ठभागाशी येऊन हवेतील प्राणवायू घेते; चिलटाची अळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्वचेवाटे घेते आणि प्रायः तळाशी राहते. चावणारी चिलटे सेराटोपोगोनिडी या वेगळ्या कुलातील असून त्यांतील क्युलिकॉइडिस ही प्रजाती मेंढ्यांमधील 'निळी जीभ' या रोगाचा प्रसार करते. भारतात या रोगाची नोंद १९६४ मध्ये महाराष्ट्रातूनच झाली होती. हा भेद ध्यानात न घेता डास समजून कोणत्याही साचलेल्या पाण्यात अळीनाशक टाकल्यास रोगनियंत्रण साधत नाही. उलट माशांचे खाद्य नष्ट होण्याचा संभव असतो.

जीवनचक्र व अनुकूलने

चिलटाचे जीवनचक्र अंडी, अळी, कोष व प्रौढ अशा चार अवस्थांचे आहे. मादी जिलेटिनसारख्या चिकट वेष्टनात शेकडो अंडी एकत्र घालते. उबदार पाण्यात दोन ते तीन दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. पहिल्या अवस्थेतील अळी रंगहीन असून पाण्यात तरंगत नवीन जागी पोहोचते. त्यानंतरच्या तीन अवस्था मुख्यतः तळाशी व्यतीत होतात. लाळग्रंथीतून स्रवणाऱ्या रेशमी धाग्याने गाळाचे कण जोडून अनेक प्रजातींच्या अळ्या नळीसारखे घर बांधतात. कायरोनोमस प्रजातीचे संपूर्ण चक्र आपल्याकडील उष्ण हवामानात साधारण तीन-चार आठवड्यांत पूर्ण होऊ शकते. थंड प्रदेशांत त्यालाच एक वर्ष किंवा अधिक काळ लागतो. प्रौढ केवळ काही दिवस जगतो व बहुधा काहीही खात नाही. या कीटकाचे खरे आयुष्य अळीच्या अवस्थेतच असते.

कायरोनोमस व तिच्या जवळच्या प्रजातींच्या अळ्या लाल दिसतात, कारण त्यांच्या देहद्रवात हिमोग्लोबिन असते. कीटकांमध्ये ही गोष्ट दुर्मिळ आहे. हे हिमोग्लोबिन मानवी रक्ताप्रमाणे पेशींमध्ये नसून द्रवात विरघळलेले असते आणि प्राणवायूला अतिशय घट्ट धरून ठेवते. त्यामुळे प्राणवायू फार कमी असलेल्या पाण्यातूनही अळीला तो मिळविता येतो. अळी शरीराला लाटेसारखे हेलकावे देऊन नळीतून पाणी खेळते ठेवते. हे हेलकावे थांबले की हिमोग्लोबिनशी बांधलेला प्राणवायू थोडा वेळ उपयोगी पडतो. प्राणवायू पूर्णतः संपल्यास काही प्रजाती विनॉक्सी चयापचयावर काही काळ तग धरतात व या क्रियेत निर्माण होणारे इथेनॉल बाहेर टाकतात.

येथे एक मुद्दा आवर्जून नोंदविला पाहिजे. प्राणवायूची कमतरता केवळ प्रदूषणामुळे होत नाही. २० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३५ अंशांना ही मर्यादा ७ मिलिग्रॅमच्या आसपास येते. विदर्भातील उन्हाळ्यात नदीचा प्रवाह तुटून उरलेल्या डोहांत, पाने कुजलेल्या तळ्यांत किंवा भातखाचरांत नैसर्गिकरीत्याच प्राणवायू घटतो आणि तेथे लाल अळ्या वाढतात. लाल रंग हे प्रदूषणाचे चिन्ह नसून कमी प्राणवायूत जगण्याच्या क्षमतेचे चिन्ह आहे.

सहनशक्तीची अन्य उदाहरणेही उद्बोधक आहेत. आफ्रिकेतील खडकांवरच्या उथळ डबक्यांत राहणाऱ्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या प्रजातीची अळी जवळजवळ पूर्ण वाळून जाते आणि पाणी मिळताच पुन्हा सक्रिय होते. ट्रेहॅलोज ही शर्करा तिच्या पेशींचे रक्षण करते. बेल्जिका अंटार्क्टिका हे पंखहीन चिलट केवळ अंटार्क्टिकात आढळते. कायरोनोमस रॅमोसस या भारतीय प्रजातीचे वर्णन १९९२ मध्ये झाले. तिच्या अळ्या गॅमा किरणांची तीव्र मात्रा सहन करतात, हे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बिमलेंदू नाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या संशोधनातून दिसून आले आहे.

परिसंस्थेतील कार्य

अनुकूल तळाशी या अळ्यांची संख्या प्रतिचौरस मीटर हजारोंच्या घरात असते. त्यांच्या आहारपद्धती भिन्न आहेत. काही गाळातील सेंद्रिय कण खातात, काही नळीत जाळे विणून पाण्यातील कण गाळतात, काही दगडांवरील शेवाळ खरवडतात, तर टॅनिपोडिनी उपकुलातील अळ्या बहुतांशी भक्षक असतात. यामुळे कुजके पान, सूक्ष्मजीव व शेवाळ यांतील ऊर्जा माशांपर्यंत पोहोचविणारा दुवा त्या ठरतात. मृगळ, सायप्रिनस यांसारखे तळाशी चरणारे मासे व अनेक माशांची पिले त्यांवर पोसली जातात. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर किंवा नदीच्या डोहांवर उपजीविका करणाऱ्या ढिवर व भोई समाजाच्या दृष्टीने पाहिल्यास या अळ्यांचे आर्थिक मोल सहज ध्यानात येते.

दुसरे कार्य गाळाच्या मशागतीचे आहे. शेतात गांडूळ जे करते त्याच्याशी या कार्याचे साम्य आहे. नळ्यांमधून खेळणाऱ्या पाण्याबरोबर प्राणवायू गाळात काही सेंटिमीटर खोल जातो. त्यामुळे गाळातील सूक्ष्मजीवांचे कार्य बदलते आणि नत्र व स्फुरद यांची पाणी व गाळ यांतील देवाणघेवाण वाढते. तिसरे कार्य पाण्यातील द्रव्ये जमिनीवर आणण्याचे आहे. कोषातून बाहेर पडलेली असंख्य चिलटे चतुर, कोळी, पाकोळ्या व वटवाघळे यांचे भक्ष्य बनतात. नदीतील पोषकद्रव्ये अशा रीतीने काठावर पोहोचतात. मात्र गाळातील काही विषारी द्रव्येही याच मार्गाने बाहेर येऊ शकतात.

या कीटकांच्या उपद्रवाची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सुदानमध्ये नाईल नदीकाठी चिलटांच्या प्रचंड थव्यांमुळे दमा व अन्य ॲलर्जीचे विकार बळावले होते. अळीतील हिमोग्लोबिन हेच त्यातील प्रमुख कारक द्रव्य असल्याचे पुढे निष्पन्न झाले. २००१ मध्ये इस्रायलमधील ब्रोझा व हॅल्पर्न यांनी चिलटांच्या अंडपुंजांत व्हिब्रिओ कॉलेरी हे जिवाणू असल्याचे दाखविले. मात्र तेथे आढळलेले प्रकार साथ पसरविणाऱ्या प्रकारांपेक्षा भिन्न होते; म्हणून यावरून चिलटे कॉलरा पसरवितात असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.

खारे पाणी व समुद्रकिनारा

कीटकवर्गाने गोडे पाणी व जमीन व्यापली असली तरी समुद्रात त्याला फारसा शिरकाव मिळालेला नाही. चिलटे हा त्यातील लक्षणीय अपवाद आहे. नदीमुखापासून खाडीकडे जाताना क्षारतेबरोबर तळाचा जीवसमुदाय बदलत जातो. गोड्या पाण्याच्या टोकाला चिलटांच्या अळ्यांचे व अल्परोमी कृमींचे प्राबल्य असते; समुद्राकडील टोकाला त्यांची जागा बहुरोमी कृमी, कवचधारी व मृदुकाय प्राणी घेतात. मधल्या मचूळ पट्ट्यात क्षारसहिष्णु अशा थोड्याच प्रजाती तग धरतात. परंतु स्पर्धक कमी असल्याने त्यांची संख्या कधी कधी फार वाढते. व्हेनिसच्या खाजणातील कायरोनोमस सॅलिनेरियसचे थवे हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

क्लुनियो या प्रजातीच्या अळ्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवरच्या शेवाळात वाढतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाच्या मोठ्या ओहोटीत खडक उघडे पडतात, नेमक्या त्याच वेळी प्रौढ बाहेर येतात, मीलन होते, मादी अंडी घालते आणि काही तासांतच त्यांचे आयुष्य संपते. चंद्रकला व दिवसाची वेळ या दोहोंशी जुळणारे जैविक घड्याळ या क्षुद्र कीटकात असते. पाँटोमिया या हिंद-प्रशांत महासागरीय प्रजातीचे सर्व जीवनचक्र समुद्रातच पार पडते. तिचा नर पाण्याच्या पृष्ठभागावर सरकत मादीचा शोध घेतो. कोकणचा खडकाळ किनारा व खाड्या या दृष्टीने अभ्यासास योग्य क्षेत्र आहेत. वणीच्या अभ्यासकासाठी यातील बोध असा की, समुदायाची रचना ठरविणारा घटक प्रत्येक ठिकाणी निराळा असतो. खाडीत तो क्षारता, किनाऱ्यावर भरती-ओहोटी, तर आपल्याकडील नदीत प्राणवायू, प्रवाह व गाळ हा असतो.

निर्देशक म्हणून महत्त्व व मर्यादा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट थिनेमान यांनी तलावांचे वर्गीकरण तळाच्या चिलटांवरून केले. खोल तळाशी प्राणवायू टिकून असलेले ते टॅनिटार्सस तलाव आणि प्राणवायू घटणारे ते कायरोनोमस तलाव. एकाच कुलातील दोन प्रजाती परस्परविरुद्ध स्थितीच्या निर्देशक ठरतात, हा या वर्गीकरणाचा गाभा आहे.

ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेल्या बीएमडब्ल्यूपी गुणांकन पद्धतीत अपृष्ठवंशीय जीवांच्या कुलांना १ ते १० गुण देण्यात आले. स्वच्छ प्रवाहातील काही कुलांना १०, संपूर्ण कायरोनोमिडी कुलाला २ आणि अल्परोमी कृमींना १ गुण मिळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हीच पद्धत भारतीय परिस्थितीशी जुळवून घेऊन जैविक जलगुणवत्तेचे निकष तयार केले. कुलपातळीवरील ओळख सोपी असल्याने ही पद्धत व्यवहार्य आहे, हे मान्यच करावे लागेल. परंतु हजारो प्रजातींच्या कुलाला एकच गुण दिल्यामुळे थंड, वेगवान झऱ्यातील चिलट आणि गटारातील चिलट यांतील फरक पुसला जातो. 'लाल अळी म्हणजे प्रदूषण' या समजुतीला अशा सरसकटीकरणातून नकळत बळ मिळते.

उपकुलांच्या पातळीवर पाहिल्यास वणी परिसरातील चार ताणांच्या खुणा निरनिराळ्या उमटणे अपेक्षित आहे.

१) सांडपाणी : प्रजातींची संख्या घटते, कायरोनोमसच्या लाल अळ्या व ट्यूबिफेक्ससारखे कृमी मोठ्या संख्येने वाढतात.

२) सूक्ष्म गाळ व कोळशाची भुकटी : दगडांवर थर साचून शेवाळ झाकले जाते. ते खरवडून खाणाऱ्या ऑर्थोक्लॅडिनी उपकुलातील अळ्या कमी होतात. गाळात नळी करणाऱ्या तुलनेने टिकतात. प्राणवायू पुरेसा असूनही विविधता घटलेली दिसते.

३) धातुद्रव्ये : संवेदनशील प्रजाती नाहीशा होतात. उरलेल्या अळ्यांच्या मुखावयवांत, विशेषतः हनुवटीच्या दातेरी पट्टिकेत, विकृतींचे प्रमाण वाढू शकते. कॅनडातील वॉरविक यांच्या अभ्यासाने १९८० च्या दशकात याकडे लक्ष वेधले.

४) कीटकनाशके : ही द्रव्ये कीटकांसाठीच बनविलेली असल्याने चिलटांसह सर्व कीटक-अळ्या घटतात, परंतु कृमी व गोगलगायी त्या मानाने टिकून राहतात. इमिडाक्लोप्रिडसारखे कीटकनाशक प्रतिलिटर काही मायक्रोग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही कायरोनोमसच्या काही प्रजातींना घातक ठरते.

चौथा मुद्दा यवतमाळ जिल्ह्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये कापसावरील फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील अनेक शेतकरी व शेतमजुरांचे बळी घेतले. माणसाला झालेली विषबाधा रुग्णालयाच्या नोंदीत येते; ओढ्यातील जीवांना झालेली कोठेच नोंदली जात नाही. अशा ठिकाणी लाल अळी दिसली तर पाणी वाईट आणि न दिसली तर चांगले, असा अर्थ लावणे धोक्याचे आहे. जेथे अळ्या असावयास हव्यात तेथे त्या नसणे, हीच तेथे अधिक गंभीर सूचना असू शकते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रमांक २१८ व २१९ च्या विषचाचणी मार्गदर्शिका चिलटांच्या अळ्यांवरच आधारलेल्या आहेत, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे.

महाविद्यालयीन अभ्यासाची रूपरेषा

प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना कायरोनोमसची अळी अपरिचित नाही. बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये तिच्या लाळग्रंथीत महाकाय गुणसूत्रे पाहिली आणि आजही त्यांचे प्रात्यक्षिक केले जाते. परंतु ती अळी कोठून आणली, तेथील पाणी कसे होते, तिच्यासोबत आणखी कोणते जीव होते, हे प्रश्न प्रयोगवहीत क्वचितच येतात. पुढील पद्धतीने हा अभ्यास करता येईल.

निर्गुडेवर शहराच्या वरच्या अंगाला, शहरालगत व खालच्या अंगाला अशी किमान तीन ठिकाणे निवडावीत. तळाचा प्रकार व पाण्याची खोली शक्यतो सारखी असावी. अन्यथा दगडी तळ व चिखल यांतील नैसर्गिक फरकच प्रदूषणाचा परिणाम वाटेल. हिवाळा, उन्हाळा व पावसाळ्यानंतर असे तीन हंगामांत नमुने घ्यावेत. पुराने तळ धुऊन निघत असल्याने ऐन पावसाळ्यातील नमुन्यांची तुलना इतरांशी करू नये. गाळ अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक जाळीतून धुऊन पांढऱ्या तबकात जीव वेचावेत व ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. त्याच वेळी तापमान, सामू, विद्राव्य प्राणवायू व विद्युतवाहकता मोजावी. अळीचे डोके पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करून काचपट्टीवर पाहिल्यास उपकुलापर्यंत ओळख पदवीच्या विद्यार्थ्यांनाही जमते. कुशल मार्गदर्शनाने ती प्रजातीपर्यंत नेता येते.

दुसरी पद्धत अधिक सोपी आहे. प्रौढ बाहेर पडल्यावर कोषाची रिकामी कात पाण्यावर तरंगत काठाशी फेसात जमा होते. ती बारीक जाळीने गोळा करता येते व एकाही जीवाची हत्या न करता आदल्या दिवसा-दोन दिवसांत बाहेर पडलेल्या प्रजातींची कल्पना येते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून प्राणी-विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण स्वीकारले आहे. त्या दृष्टीनेही ही पद्धत उपयुक्त आहे. जुन्या खाणींत साचलेल्या खोल पाण्यात मात्र विद्यार्थ्यांना उतरू देऊ नये. त्यांचे काठ ठिसूळ व तीव्र उताराचे असतात. अभ्यास करावयाचा झाल्यास तो परवानगी घेऊन व काठावरील कातीपुरताच मर्यादित ठेवावा.

या कामासाठी महागड्या उपकरणांची आवश्यकता नाही; सातत्याची आहे. एका वर्षाच्या आकडेवारीवरून फारसे सांगता येत नाही. तीच ठिकाणे, तीच पद्धत व तेच हंगाम पाच-दहा वर्षे पाळले गेले, तर नदीतील बदल आणि पावसाच्या लहरीमुळे होणारे चढउतार यांत भेद करता येईल. विद्यार्थी दरवर्षी बदलतात. म्हणून नोंदवही व जतन केलेले नमुने विभागाच्या संग्रहात राहतील अशी व्यवस्था हवी.

निष्कर्ष

१) चिलटांच्या अळ्या जलपरिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह, गाळाची मशागत व मत्स्योत्पादन यांसाठी महत्त्वाच्या असून त्यांना डासांच्या अळ्यांप्रमाणे सरसकट उपद्रवी मानणे अशास्त्रीय आहे.

२) लाल रंग हे हिमोग्लोबिनमुळे लाभलेले अनुकूलन आहे. केवळ लाल अळ्यांच्या उपस्थितीवरून पाणी दूषित ठरविता येत नाही.

३) संपूर्ण समुदायाची रचना, उपकुलांचे प्रमाण, विकृती आणि अपेक्षित जीवांची अनुपस्थिती यांचा एकत्रित विचार केल्यास सांडपाणी, गाळ, धातू व कीटकनाशके यांच्या परिणामांत फरक करण्यास मदत होते. रासायनिक परीक्षणाला ही पद्धत पूरक आहे, पर्याय नव्हे.

४) वणीसारख्या ठिकाणी एकाच नदीवर हे चारही ताण संभवत असल्याने येथील महाविद्यालयांनी निर्गुडा नदीच्या तलस्थ जीवांची दीर्घकालीन नोंद ठेवणे आवश्यक आहे. नदीच्या आजच्या स्थितीची नोंद नसेल, तर उद्या ती सुधारली किंवा बिघडली हे सिद्ध करण्यास कोणताही आधार उरणार नाही.